शेवाळाला कप्पा कोणता?

आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात ‘सी १२’ नावाचा एक वर्ग आहे. त्याच्या शीर्षकात जीवरसायनशास्त्रापाठोपाठ बिअर, मद्यार्क, वाइन आणि व्हिनेगर येतात आणि मग सूक्ष्मजीवशास्त्र, विकरे, जनुकीय अभियांत्रिकी ही नंतरची मंडळी. या गर्दीत ‘एन’ उपवर्गाच्या पहिल्याच गटात १/१२ असा एक खण आहे. एकपेशीय शैवाल आणि त्यांची संवर्धन माध्यमे एवढेच त्याचे नाव. अलीकडे १/१० मध्ये प्रोटोझोआ, पलीकडे १/१४ मध्ये बुरश्या, १/१६ मध्ये यीस्ट आणि १/२० मध्ये जीवाणू. शेवाळाचा बिअरशी संबंध काय, असे कोणी विचारील. हे वर्गीकरण जिवांच्या नात्यागोत्यावर बांधलेले नाही, कामाच्या रीतीवर बांधलेले आहे. टाकीत द्रव भरायचा, त्यात पेशी सोडायच्या, तापमान आणि आम्लता सांभाळायची, वाढ झाली की गाळून घ्यायचे. बिअरवाल्याची जी रीत तीच शैवालवाल्याची.

१९७१ च्या स्ट्रासबर्ग कराराने या वर्गीकरणाला आजचा आधार दिला. हे वर्गीकरण निव्वळ प्रशासकीय स्वरूपाचे राहील, असेही त्या करारातच लिहून ठेवले आहे. परीक्षकाला जुने दस्तऐवज चटकन सापडावेत म्हणून केलेली ही सोय आहे. तिच्यावरून कोणाचा हक्क ठरायचा नाही. आमची तक्रार वर्गीकरणाविषयी नाहीच. आपल्या पेटंट कायद्याने ‘सूक्ष्मजीव’ म्हणजे कोण हे सांगायचे टाळले आहे, आणि कायदा जिथे गप्प बसतो तिथे ग्रंथपालाने आपल्या सोयीसाठी ओढलेली रेघ निकष होऊन बसते. शैवालांच्या बाबतीत तो धोका सर्वांत उघड आहे.

त्या रेघेकडे वळण्याआधी या खणाच्या नावातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पेशी आणि तिचे माध्यम एकाच खणात का? दोन वेगळ्या वस्तू आहेत की! एक सजीव, दुसरी मिठांची द्रावणे. पण प्रयोगशाळेत हात घातलेल्या कोणालाही विचारा. शैवालाच्या धंद्यात निम्मे शोध माध्यमातच दडलेले असतात. १८९० मध्ये डेल्फ्टच्या मार्टिनस बायेरिंक यांनी क्लोरेला व्हल्गारिस हे हिरवे शैवाल शुद्ध स्वरूपात वेगळे काढून वाढवले, तेव्हापासून या विद्येचा इतिहास म्हणजे कोणाला काय पाजले तर तो वाढतो याचा इतिहास आहे. डायाटमला सिलिका लागते, कारण त्याचे कवचच काचेच्या जातीचे. क्लोरेलाला ती लागत नाही. रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर यांनी १९६२ मध्ये समुद्री डायाटमांसाठी जे माध्यम दिले, त्याचे निम्म्यावर आणलेले रूप ‘एफ बाय टू’ या नावाने आजही कोळंबीच्या हॅचरींत रोज ढवळले जाते. पिल्लांना खायला डायाटम हवे, डायाटमला सिलिका हवी. माध्यमाची चिठ्ठी वाचली की टाकीत कोण आहे ते कळते.

स्पिरुलिनाची गोष्ट आणखी बोलकी आहे. क्लॉड झारूक यांनी १९६६ मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात जे माध्यम दिले ते आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट; मग पोटॅशियमचे फॉस्फेट आणि सल्फेट, थोडे मीठ, मॅग्नेशियम, कॅल्शियम, चिमूटभर लोह आणि काही सूक्ष्म मूलद्रव्ये. एवढा सोडा कशाला? एक तर कर्ब पुरवायला, आणि दुसरे म्हणजे पाणी इतके अल्कधर्मी करायला की इतर आगंतुकांना तिथे राहवू नये. स्पिरुलिना उघड्या हौदात वाढवता येते ती याच जोरावर. सोडा हे तिचे अन्नही आणि कुंपणही. आता या माध्यमाचा खर्च कमी करणे हा गेली कित्येक वर्षे आपल्याकडच्या संशोधकांचा आणि हौद चालवणाऱ्यांचा आवडता उद्योग आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००६ मध्येच शुद्ध रसायनांऐवजी सुपर फॉस्फेट आणि म्युरिएट ऑफ पोटॅश ही खतांच्या दुकानातली नावे वापरून स्वस्त माध्यम प्रसिद्ध केले. तो निबंध जर्नलमध्ये आहे, पेटंटच्या कोणत्याही खणात नाही. १/१२ चाळून ‘असे पूर्वी कोणी केले नाही’ म्हणणाऱ्या अर्जदाराला तो नेमका उत्तराच्या दिवशी भेटतो.

माध्यम हाच शोध असू शकतो याचे सर्वांत नीटस उदाहरण अमेरिकेतले आहे. शायझोकायट्रियम नावाचा एक समुद्री सूक्ष्मजीव ओमेगा-३ गटातील डीएचए हे मेदाम्ल भरपूर बनवतो. शाकाहारी माणसे औषधाच्या दुकानातून ‘अल्गल ऑइल’ म्हणून जी कॅप्सूल घेतात त्यातली बरीचशी याची कृपा. त्याला सोडियम हवे, म्हणून समुद्राचे मीठ घाला; पण मिठातले क्लोराइड पोलादी फर्मेंटर कुरतडते. विल्यम बार्कले यांनी क्लोराइडऐवजी सोडियम सल्फेटसारखी मिठे वापरली. सोडियम मिळाले, पोलाद वाचले. १९९४ चे त्यांचे अमेरिकी पेटंट एवढ्या एका व्यवहारी कल्पनेवर उभे आहे. जीव निसर्गातलाच, मीठ दुकानातले, आणि तरी शोध खरा. पेशी आणि माध्यम एका खणात ठेवणाऱ्या माणसाला धंदा कळत होता, असेच म्हणावे लागते.

पण याच उदाहरणात पाचरही आहे. शायझोकायट्रियममध्ये हरितद्रव्य नाही. तो प्रकाशावर जगत नाही, अंधाऱ्या टाकीत साखरेवर वाढतो. आजचे जीवशास्त्र त्याला डायाटमांच्या दूरच्या चुलत घराण्यात बसवते, पूर्वी त्याला बुरशी म्हणत, आणि बाजार त्याला शैवाल म्हणतो. त्याच्यावरचे जुने काम शोधायचे तर प्रोटोझोआ, बुरशी, शैवाल हे तिन्ही खण उपसायचे, आणि शिवाय तेलाच्या बाजूने ‘सी १२ पी ७/६४’ हाही.

स्पिरुलिनाने तर हा खण दोन्ही शब्दांनी मोडला आहे. ती शैवाल नाही आणि एकपेशीयही नाही. तिच्या पेशींना केंद्रक नसते. ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणूंच्या घरातली. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती अनेक पेशींची मळसूत्री साखळी. नावाचाही पत्ता नाही. १८९२ मध्ये मॉरिस गोमों यांनी स्पिरुलिना आणि आर्थ्रोस्पिरा वेगळ्या मानल्या, १९३२ मध्ये गायटलर यांनी दोन्ही एकत्र केल्या, पुढे त्या पुन्हा वेगळ्या झाल्या, आणि २०१९ मध्ये बाजारातल्या जातींसाठी लिम्नोस्पिरा असे तिसरेच नाव आले. डबीवर मात्र स्पिरुलिनाच छापले जाते, आणि ते योग्यच. गिऱ्हाइकाने दर दशकाला नवे नाव का शिकावे? पण पेटंटच्या शोधाशोधीत याचा त्रास होतो. स्पिरुलिनावरचे अर्ज काही शैवालांच्या १/१२ मध्ये बसतात, काही जीवाणूंच्या १/२० मध्ये. हौदाची रचना असेल तर ‘सी १२ एम’ मध्ये, शेतीची पद्धत म्हणून मांडली असेल तर ‘ए ०१ जी ३३’ मध्ये, सांडपाणी शुद्ध करत असेल तर ‘सी ०२ एफ ३/३२’ मध्ये. एकाच खणात हात घालून थांबलेला परीक्षक अर्धा इतिहास न बघताच निर्णय देतो.

इथवर हा ग्रंथालयाचा प्रश्न झाला. खरी अडचण आपल्या कायद्यात आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) नुसार वनस्पती आणि प्राणी, पूर्ण किंवा त्यांचा कोणताही भाग, पेटंटयोग्य नाही. अपवाद फक्त सूक्ष्मजीवांचा. २००२ च्या दुरुस्तीने हे आले आणि २० मे २००३ पासून लागू झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातली तीच भाषा, तेच मौन. सूक्ष्मजीव कोणाला म्हणायचे हे करारही सांगत नाही, कायदाही नाही. मग शैवाल कुठे बसणार? वर्गीकरणाच्या ‘सी १२’ मधील टीप एकपेशीय शैवालांना सूक्ष्मजीवांबरोबर ठेवते. बाकीची शैवाले ‘ए ०१ एच १३’ मध्ये नव्या वनस्पतींच्या रांगेत जातात. अमेरिकेत वनस्पती-पेटंटाचा वेगळा कायदा आहे; तिथले कार्यालय शैवालांना वनस्पती मानते आणि जीवाणूंना मानत नाही. म्हणजे एकच क्लोरेला एका टेबलावर सूक्ष्मजीव आणि दुसऱ्यावर झाड! अमेरिकेला त्याने फारसे बिघडत नाही, कारण तिथे झाडालाही पेटंटचा मार्ग आहे. आपल्याकडे या दोन टेबलांमधली भिंत म्हणजे पेटंट मिळण्या-न मिळण्याची भिंत.

आणि ही भिंत दोन वेगळ्या मापांनी बांधली आहे. कायदा ‘सूक्ष्म’ म्हणतो, म्हणजे आकाराचे माप. वर्गीकरण ‘एकपेशीय’ म्हणते, म्हणजे पेशी मोजायच्या. ही दोन मापे जुळतात असे आपण सहज धरून चालतो. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसणारी कॉलेर्पा घ्या. हिरव्या पानांसारखे फाटे, आडवे पसरणारे खोड, खडकाला धरणारी मुळे असावीत तसे तंतू. ओकिनावात तिची एक जात समुद्री द्राक्षे म्हणून खातात. आणि हे सगळे एकच पेशी आहे. आत असंख्य केंद्रके, पण मध्ये भिंत कुठेच नाही. काही जाती मीटरभर आणि त्याहून लांब पसरतात. पेशी मोजल्या तर कॉलेर्पा १/१२ ची हक्काची रहिवासी. डोळ्यांनी बघितली तर समुद्री वनस्पती. उलट स्पिरुलिनाच्या तंतूत अनेक पेशी, पण तो बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. उद्या कोणी जनुकीय बदल केलेली कॉलेर्पा घेऊन मुंबईच्या पेटंट कार्यालयात आला तर कलम ३ (जे) ची कोणती बाजू लावायची? कायद्यात उत्तर नाही. हाताशी असलेले एकमेव लेखी उत्तर वर्गीकरणाच्या टिपेत आहे, आणि ती टीप तर हक्क ठरवण्यासाठी लिहिलेलीच नाही.

हा प्रश्न आज उठला असे नाही. २००५ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने तज्ज्ञगट नेमला तेव्हा त्याच्यापुढे दोनच प्रश्न होते. त्यातला एक सूक्ष्मजीवांना पेटंटमधून वगळता येईल का, हा. औषधांच्या दुसऱ्या प्रश्नावर एवढा गदारोळ झाला, अहवालच त्यातल्या उताऱ्यांवरच्या वादामुळे मागे घेऊन २००९ मध्ये पुन्हा सादर करावा लागला, की सूक्ष्मजीवांचे काय ठरले याकडे कोणाचे फारसे लक्षच गेले नाही. गटाने सांगितले होते की सूक्ष्मजीव सरसकट वगळणे ट्रिप्सच्या विरोधात जाईल, पण त्यांचे अर्ज तपासायला कडक मार्गदर्शक तत्त्वे हवीत. माणसाचा हात किती आणि उपयोग काय, हे बघितले जावे. २०१३ मध्ये जैवतंत्रज्ञानाच्या अर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. पण शैवालाची रेघ कुठे, याचे उत्तर संसदेने कायद्यात लिहिण्याजोगे आहे. ते कार्यालयाच्या पुस्तिकेवर सोपवणे म्हणजे जबाबदारी ढकलणे आहे.

दरम्यान शैवालावर काम करणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा आणि होतकरू उद्योजक इतर कलमांच्या जाळ्यात अडकतात, आणि तिथेही खण कोणता यावरून रंग बदलतो. लोणारचेच बघा. त्या खाऱ्या, अल्कधर्मी सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे हिरवे दिसे ते मुख्यतः सायनोबॅक्टेरियामुळे, आणि त्यांत आर्थ्रोस्पिरा आहे. झारूक यांचे माध्यम म्हणजे असल्या सोडायुक्त सरोवराचेच कागदावरचे रूप. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते हॅलोआर्किया या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे असल्याचे दाखवले. आता तिथली एखादी चांगली वाढणारी जात कोणी वेगळी काढली तर? युरोप-अमेरिकेच्या संयुक्त वर्गीकरणात निसर्गातून वेगळ्या काढलेल्या एकपेशीय शैवालांसाठी १/१२५ असा खासा खण आहे. पण आपले कलम ३ (सी) म्हणते की निसर्गात असलेल्या सजीवाचा शोध हा आविष्कार नव्हे. परदेशात खण आहे म्हणजे इथे हक्क आहे, असा समज करून घेणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

माध्यमाचा शोध असेल तर कलम ३ (ई) आडवे येते: नुसते मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते, ते पेटंटयोग्य नाही. नऊ मिठे मोजून घातली एवढ्याने भागत नाही. बेरजेपेक्षा जास्त काही घडते हे आकड्यांनी दाखवावे लागते. बार्कले यांच्या सल्फेटासारखे कारण हाती असेल तर ठीक. आणि वाढवण्याची पद्धत असेल तर कलम ३ (एच) आहेच, शेती किंवा बागकामाची पद्धत वर्ज्य. बंद काचेच्या नळ्यांत वाढवले तर ते सूक्ष्मजीवशास्त्र, उघड्या हौदात पॅडल व्हील फिरवून वाढवले तर शेती? अर्जावर ‘ए ०१ जी’ चा शिक्का असला तर आक्षेपाला आयतेच निमित्त मिळते, ‘सी १२ एन’ असला तर ते शोधावे लागते. पद्धत तीच, पाणी तेच. केवळ प्रशासकीय म्हणवणारा शिक्का इथे तराजूत हलकेच बोट ठेवतो.

याच्या उलट भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने वेगळी वाट काढली. कप्पाफायकस हे मोठे, बहुपेशीय समुद्री शैवाल आहे, आपल्या कायद्याने सरळ वनस्पती. त्या जिवावर हक्क सांगायच्या भानगडीत न पडता ताज्या शैवालाचा रस पिळून द्रवखत आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरागीनन, अशी जोडप्रक्रिया त्यांनी मांडली आणि २००५ मध्ये तिला अमेरिकी पेटंट मिळाले. आपल्या विद्यापीठांतल्या पेटंट-कक्षांनी हे बघून ठेवावे. जीव माझा, असा दावा करणारे अर्ज लिहायला सोपे आणि टिकायला अवघड असतात.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. पहिली संसदेकडे: कलम २ मध्ये सूक्ष्मजीवाची व्याख्या करा. माप आकाराचे ठेवा किंवा पेशींचे, पण एकच ठेवा, आणि सायनोबॅक्टेरिया, तंतुमय शैवाल आणि कॉलेर्पासारखे महाकाय एकपेशीय कोणत्या बाजूला पडतात हे स्पष्टीकरणात नावानिशी लिहा. दुसरी अर्जदारांकडे, त्यातही सरकारी पैशांवर चालणाऱ्या संस्थांकडे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या सूक्ष्मजीव संग्रहाला २०११ पासून पेटंटसाठी सूक्ष्मजीवांच्या ठेवी स्वीकारण्याचा, बुडापेस्ट कराराखालचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. असा संग्रह देशात असताना नवा जीव जमा न करता, त्याचा भौगोलिक उगम न सांगता अर्ज दाखल करण्याला आता सबब उरलेली नाही. ठेव अर्जाच्या तारखेपर्यंत झालेली असावी लागते, हे कायद्यातच आहे. आपला जीव कोणता संग्रह स्वीकारतो हे मात्र आधी विचारून घ्यावे. शैवाले जिवंत ठेवणे हे जीवाणू गोठवून ठेवण्याइतके सोपे नसते, आणि स्कॉटलंडच्या ओबान येथील संग्रहासारख्या ठिकाणी तीच विद्या जपली आहे.

तिसरी मागणी पेटंट कार्यालयाकडे, आणि हिला संसदेची गरज नाही. दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये प्रत्येक अर्जाच्या कोष्टकात ५१ क्रमांकाच्या रकान्यात हे वर्गीकरण छापतात. त्या रकान्यात एकाहून अधिक खण लिहायला जागा आहे. स्पिरुलिनाचा अर्ज आला की १/१२ आणि १/२० दोन्ही छापा, हौद असेल तर ‘सी १२ एम’ ही जोडा, आणि परीक्षकाने कोणकोणते खण धुंडाळले ते पहिल्या परीक्षण अहवालात लिहा. पुढच्या शुक्रवारपासून सुरू करता येईल.